ओपीडीतील गर्दीचे आकडे काय सांगतात?

एखाद्या बाह्यरुग्ण विभागातील भेटी वाढल्या की तो आजारच वाढला, असे अनुमान सहज काढले जाते आणि अनेकदा ते चुकते. भेटींच्या एकूण आकड्यात नवे रुग्ण आणि फेरतपासणीला आलेले जुने रुग्ण एकत्र मोजलेले असतात. दर तीन महिन्यांनी येणाऱ्या मधुमेहाच्या एकाच रुग्णाच्या वर्षभरात चार भेटी नोंदल्या जातात.

एचआयव्हीचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. 1996च्या सुमारास अनेक औषधांचा एकत्रित उपचार रूढ होऊ लागला आणि जिथे तो मिळाला तिथे मृत्यू झपाट्याने घटले; पण हे रुग्ण जगले म्हणूनच त्यांना औषधे आणि रक्ततपासण्यांसाठी आयुष्यभर ओपीडीत यावे लागले. तेथील वाढती गर्दी ही उपचारांच्या यशाची खूण होती. जठरव्रणाच्या बाबतीत नेमके उलटे घडले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980च्या दशकात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूशी त्याचा संबंध दाखवल्यानंतर, वर्षानुवर्षे उलटणारा हा आजार बहुतेकांच्या बाबतीत प्रतिजैविकांच्या एक-दोन आठवड्यांच्या उपचाराने बरा होऊ लागला. या शोधासाठी दोघांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

घटलेला आकडा मात्र नेहमी दिलासा देणारा नसतो. अमेरिकेतील तातडीच्या विभागांमध्ये 29 मार्च ते 25 एप्रिल 2020 या काळातील भेटी आदल्या वर्षीच्या तुलनेत 42 टक्क्यांनी घटल्या. आठवड्याला सुमारे 21 लाखांवरून त्या 12 लाखांवर आल्या. हृदयविकाराच्या झटक्यासाठी येणारे रुग्णही त्यात कमी झाले, आणि संसर्गाच्या भीतीने घरीच थांबलेल्यांचा विचार केला तर ही घट अस्वस्थ करणारी आहे.

ऋतुमानाचा परिणाम वगळण्यासाठी एखाद्या महिन्याची तुलना मागील अनेक वर्षांच्या त्याच महिन्याशी करतात. पण साथीच्या काळात हा आधारही डळमळतो: लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा आरएसव्ही हा विषाणू अमेरिकेत एरवी हिवाळ्यात पसरतो; 2020-21च्या हिवाळ्यात तो जवळपास दिसलाच नाही आणि 2021च्या उन्हाळ्यात, बालरोग विभाग एरवी निवांत असताना, त्याने मुसंडी मारली.