कबरीवर ग्रॅनाईटची पाटी बसवायची आहे? आधी परवानगी, मग दगड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दफनभूमीच्या फाटकाशी एक टेम्पो तीन तास उभा होता. आत गोणपाटात गुंडाळलेली काळ्या ग्रॅनाईटची पाटी होती. तिच्यावर आईचं नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, खाली बायबलमधलं वचन, अक्षरं सोनेरी रंगानं भरलेली. मुलगा नोकरीच्या गावाहून दोन दिवसांची रजा काढून आला होता. रखवालदार आत सोडेना, कारण कमिटीची लेखी परवानगी नव्हती. ती मागितलीच नव्हती, कारण अशी परवानगी लागते हे दगडाच्या दुकानात त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती पाटी पुढे दीड महिना चर्चच्या पडवीत भिंतीला टेकून राहिली. बसवायच्या वेळी मोजली तर सहा इंच जास्त रुंद निघाली. शेवटी कापावी लागली आणि कडेची वेलबुट्टी गेली.

चर्चच्या मंडळीतल्या लोकांना पाटीच्या परवानगीचे अर्ज भरायला मी मदत करतो, आणि असे प्रसंग पुन्हा पुन्हा बघतो. माणूस गेल्यावर काहीतरी करावंसं वाटतं आणि दगड घेणं हे त्यातलं हाताशी असलेलं काम असतं, म्हणून लोक आधी दगड घेतात. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती दफनभूमींत दगड सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो.

आधी विचारा, जागा कोणाच्या ताब्यात आहे

दफनभूमी महापालिकेची किंवा नगरपालिकेची असेल तर अर्ज तिथल्या कार्यालयात करायचा. चर्चची असेल तर पाळकसाहेबांमार्फत कमिटीकडे किंवा ट्रस्टकडे. कॅथलिक कुटुंबांनी पॅरिशच्या ऑफिसात जायचं, गोव्यातही तसंच. इथपर्यंत सोपं आहे. गुंता होतो जुन्या मिशनच्या दफनभूमींत.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रोटेस्टंट चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं आणि त्यात अनेक जुन्या मंडळ्या एकत्र आल्या. अमेरिकन मिशनमधून आलेले मेथडिस्ट मात्र वेगळे राहिले. त्यामुळे एकाच शहरात आजोबांचं दफन एका मिशनच्या वहीत, आजीचं दुसऱ्या नावाच्या चर्चच्या वहीत, आणि दोन्ही वह्या आता तिसऱ्याच कार्यालयाच्या कपाटात, असं होतं. कोणी तुम्हाला ‘आमच्याकडे नोंद नाही’ म्हणालं तर त्याचा अर्थ नोंदच नाही असा घेऊ नका. ‘१९७० आधीच्या वह्या कोणाकडे आहेत?’ एवढा एकच प्रश्न विचारा. कितीतरी अर्ज या प्रश्नावर मार्गी लागलेले मी पाहिले आहेत.

मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी: ही कबर कायमची आहे का? मुंबईत जागेच्या टंचाईमुळे बऱ्याच दफनभूमींत काही काळानं तीच कबर पुन्हा वापरतात आणि अस्थी भिंतीतल्या खणात ठेवतात. तिथे कबरीवर पाटी बसवता येणार नाही, खणाच्या झाकणावर छोटी पाटी चालेल. हे दगड घेतल्यावर कळलं तर पैसे जातातच, आणि मनालाही फार लागतं. परवानगी मिळाली म्हणजे जमीन विकत मिळाली, असंही समजू नका.

जो कागद कोणाकडेच नसतो

अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला, अर्जदाराचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि पाटीचा मापांसह आराखडा सहसा लागतो. हे जमतं. अडतं दफनाच्या पावतीवर. ती दफनाच्या दिवशी मिळते आणि त्या दिवशी कोण कोणाच्या हातात काय देतं याचं भान कोणाला असतं? ती एखाद्या काकांच्या शर्टाच्या खिशात जाते आणि शर्ट धुतला जातो. पण त्या पावतीवर कबरीचा क्रमांक असतो, आणि तो नसेल तर पाटी कुठे बसवायची हेच कार्यालयाला ठरवता येत नाही.

पावती हरवली असेल तर दफन नोंदवहीचा उतारा मागा. मृताचं पूर्ण नाव, दफनाची तारीख आणि दफनविधी कोणत्या पाळकांनी चालवला, एवढं लेखी द्या. पाळकांचं नाव आठवलं तर वही लवकर सापडते. ‘चिंचेच्या झाडापासून चौथी’ अशा खुणेवर विसंबू नका. एक मावशी दरवर्षी ईस्टरच्या पहाटे नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवायच्या. लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ला, मग झाड तोडलं गेलं. उतारा काढला तेव्हा कबर एक ओळ मागे निघाली. त्या तिथेच खाली बसल्या आणि हातानं गवत उपटायला लागल्या. मोठ्या पाटीचं नंतर बघू, पण क्रमांक लिहिलेली लहानशी सिमेंटची खूण पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

आजी-आजोबांच्या जुन्या कबरीसाठी मृत्यूचा दाखला मागितला की लोक हबकतात, कारण नोंदणीच झालेली नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. एक वर्ष उलटलं की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. पण नुसती पाटी बसवायला या वाटेनं जायची गरज बहुधा पडत नाही. चर्चच्या नोंदवहीचा सहीशिक्क्याचा उतारा चालेल का, ते आधी विचारा. समोरचा तोंडी ‘नाही’ म्हणाला तर तेच लेखी मागा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दफनासाठी म्हाताऱ्या माणसाला तहसीलच्या पायऱ्या चढायला लावणं मला तरी पटत नाही.

नाव आणि तारीख

घरात सगळे बायजाबाई म्हणायचे, बाप्तिस्म्याच्या वहीत रूथ, आधार कार्डावर बायजा. अशा वेळी अर्जात दोन्ही नावं ‘उर्फ’ घालून लिहा आणि पाटीवरही दोन्ही घ्या. मुलांना रूथ हवी असते, गावाला बायजाबाई, आणि दोघांचंही बरोबर असतं.

तारखेचा घोळ रात्रीच्या मृत्यूंत होतो. घरचे म्हणतात ११ ला गेले, कारण श्वास लागला तो ११ च्या रात्री. दवाखान्यानं १२ लिहिलेली असते, कारण डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बारा वाजून गेले होते. कार्यालय दाखल्यावरचीच तारीख धरतं. दाखल्यात खरोखर चूक असेल तर त्याच कायद्याच्या कलम १५ खाली ती दुरुस्त होते. ती आधी करून घ्या आणि मगच अक्षरं कोरा. कागद बदलता येतो, ग्रॅनाईट खोडता येत नाही.

भावाबहिणींच्या सह्या

कुटुंबाची एकच कबर असेल तर ती बहुतेक आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा त्याच कबरीत असतात. म्हणजे सर्व वारसांची ना-हरकत लागते. लोक फक्त भावांच्या सह्या आणतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वारस आहेत, त्यांची सही राहिली की अर्ज परत येतो. परदेशातला भाऊ असेल तर त्याच्याकडून काय चालेल, सही केलेल्या पत्राची प्रत की मूळ कागद, हे अगोदर विचारा. ना-हरकतीच्या कागदावर पाटीचा पूर्ण मजकूरही लिहून घ्या. ‘सर्व मुलांकडून’ लिहायचं की नावं घालायची, यावरून पाटी बसल्यानंतर सख्खी भावंडं बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

मुदतीचा अर्थ

इथे सर्वांत जास्त चूक होते. दफनानंतर लगेच पक्कं बांधकाम करू देत नाहीत, आणि हा नियम खरोखर शहाणपणाचा आहे. पेटी आत खचते, माती बसते. आपल्याकडची काळी माती तर पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. निदान एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय चौथरा बांधला तर तो तडकतो, पाटी कलते. थांबण्याचे महिने दफनाच्या तारखेपासून मोजतात, आणि त्याच कबरीत मधे दुसरं दफन झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी मुदत परवानगीपत्रावर असते. ती काम सुरू करण्याची आहे असं लोक समजतात, पण बहुतेक पत्रांत ती काम पुरं करण्याची असते. ते वाक्य पाळकसाहेबांसमोर किंवा क्लार्कसमोर मोठ्यानं वाचा आणि अर्थ विचारून घ्या. वर्षश्राद्धाला किंवा २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाला पाटी हवी असेल तर उलटे दिवस मोजा. जून ते सप्टेंबर गवंडी काम धरत नाही. नोव्हेंबरसाठी कागद मार्चमध्ये हातात हवेत.

आता दगड

परवानगीत लिहिलेली लांबी, रुंदी, उंची कागदावर घेऊन दुकानात जा, स्वतः कबर मोजूनही जा.

संगमरवरापेक्षा ग्रॅनाईट टिकतो हे खरं आहे. संगमरवर मऊ, ॲसिडनं झिजणारा. काळा म्हणून मिळणारा ग्रॅनाईट भूशास्त्रात बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराईट असतो, पण पाटीला तो उत्तम. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ठिपक्यांचा ब्लॅक गॅलक्सी महाग पडतो, आणि त्या चमकत्या ठिपक्यांत बारीक अक्षरं हरवतात. शेजारच्या कर्नाटकातला इलकलचा तांबडा दगड मला जास्त आवडतो, मात्र त्यावर अक्षरं खोल हवीत. राखाडी दगड रंगवून, तेल चोळून काळा म्हणून विकतात. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन मागची, पॉलिश नसलेली बाजू घासा. फडकं काळं झालं तर उठून या.

वजनाचा अंदाज असू द्या. अडीच फूट बाय दोन फूट, तीन इंच जाडीची उभी पाटी शंभर किलोच्या आसपास भरते. ती नुसत्या सिमेंटवर उभी करू नका, आत स्टेनलेस स्टीलच्या सळया घालायला सांगा. साध्या लोखंडाची सळई गंजून फुगते आणि दगड फोडते.

लेझरनं केलेलं काम फोटोसाठी छान दिसतं, पण ते वरवरचं असतं. नाव आणि तारखा सँडब्लास्टनं, म्हणजे वाळूच्या जोरदार झोतानं, किंवा छिन्नीनं खोल कोरून घ्या. सोनेरी रंग उन्हात उडाला तरी खोल अक्षर वाचता येतं. अक्षरावर दर असेल तर ‘ख्रिस्त’मधली जोडाक्षरं एक धरणार की दोन, ते भाव ठरवतानाच बोला.

आणि मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होऊ नका. दुकानातल्या संगणकात जुने मराठी फाँट असतात, त्यात मजकूर उतरताना रफार सरकतो. ‘स्मरणार्थ’चं ‘स्मरणाथर्’ झालेली पाटी मी स्वतः पाहिली आहे, वडिलांच्या नावाच्या अगदी वर. ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, वचनाचा अध्याय आणि ओवी अदलाबदल होतात. पूर्ण आकाराचा छापील कागद मागा, दोघांनी तो बोट ठेवून वाचा, त्यावर सही करा आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. निम्मे पैसे पाटी उभी राहिल्यावर द्या.

कोरायला देतानाच खालच्या कोपऱ्यात कबरीचा क्रमांक बारीक अक्षरात घालायला सांगा. बसवून झाल्यावर शेजारच्या दोन कबरी दिसतील असा फोटो काढा, आणि परवानगीपत्र, नोंदवहीचा उतारा, सह्यांचा कागद असं सगळं एका पाकिटात घालून घरातल्या सज्ञान माणसांतल्या सगळ्यात धाकट्याकडे द्या. त्या कबरीसाठी पुढचा अर्ज त्यालाच करावा लागणार आहे.