दहा पाकिटं जास्त खपली, मग ऑर्डर ३७०ची का?

नागपुरात आयटी म्हटलं की बोट वर्धा रोडकडे जातं. मिहानमध्ये टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एचसीएल आहे. पोरं नोकरीला लागली की विषय संपला. पण सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्या वेगळ्या आणि ते वापरून आपल्या धंद्याची चाल बदलणाऱ्या संस्था वेगळ्या. हा दुसरा प्रकार समजून घ्यायचा तर मिहानपेक्षा इतवारीच्या ठोक बाजारात गेलेलं बरं.

इतवारीतला एक ठोक व्यापारी धरू. उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे कागद-पेन घेऊन तपासता येतील. उमरेडचा किराणावाला त्याच्याकडून चहापत्ती नेतो. व्यापारी ती नागपूरजवळच्या वाडीतल्या डेपोतून उचलतो आणि डेपो कंपनीकडून मागवतो. सोपं जावं म्हणून साखळीत एकेकच धरला आहे. तिघांचा नियम सारखाच: आठवडा सुरू होताना दोन आठवड्यांचा माल हाताशी हवा. खप आठवड्याला १०० पाकिटं, म्हणून प्रत्येकाकडे २००. शंभर जातात, शंभर येतात, कोणाची काही तक्रार नाही.

एका आठवड्यात उमरेडला ११० पाकिटं खपली. किराणावाल्याकडे उरली ९०. आता दोन आठवड्यांचा माल म्हणजे २२०, म्हणून त्याने १३० मागवली. वाढ दहाच पाकिटांची होती, पण फोनवर त्याचं झालं, ‘‘शेठ, यावेळी माल उठून राहिला, १३० पाठवा.’’ शेठला गिऱ्हाईक दिसत नाही, ऑर्डर दिसते. १३० पाठवल्यावर त्याच्याकडे उरली ७०. त्याच्या हिशेबाने आता खपच १३०चा, म्हणजे साठा २६० हवा. त्याने डेपोला १९०ची ऑर्डर दिली. डेपोत उरली १०, हवी ३८०. कंपनीकडे ऑर्डर गेली ३७०ची.

पुढच्या आठवड्यात उमरेडचा खप ११०च राहिला. किराणावाल्याने ११० मागवली. शेठकडे २६० होती, ११० गेली, १५० उरली. दोन आठवड्यांना २२० पुरतात, म्हणून त्याने ७०च मागवली. डेपोने ती दिली तरी ३१० पडून राहिली, आणि ७०च्या खपाला १४० पुरे. कंपनीला गेलेली ऑर्डर: शून्य. कारखान्यात एका आठवड्यात ओव्हरटाइम, दुसऱ्या आठवड्यात मशीन बंद. कारखान्याचा मॅनेजर म्हणणार, बाजार फार लहरी झाला आहे. बाजार तर दहाच पाकिटांनी हलला होता.

या प्रकाराला बुलव्हिप, म्हणजे चाबकाचा परिणाम म्हणतात. मुठीला जरासा झटका दिला की टोक सपकन फिरतं. त्यामागचं गणित जे फॉरेस्टर या अमेरिकी इंजिनिअरने मांडलं. हा गडी मुळात कॉम्प्युटरची चुंबकीय मेमरी घडवणाऱ्यांपैकी. पुढे एमआयटीत व्यवस्थापनाकडे वळला. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यांत कधी तीन पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मी माणसं घरी बसायची. कारण सापडत नव्हतं. फॉरेस्टरने वहीत रकाने आखून साठा, ऑर्डर आणि कामगार यांचा आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब हातानेच केला. त्यात दिसलं की बाहेरून येणारी मागणी स्थिर ठेवली तरी आतल्या नियमांमुळे आणि उशिरामुळे हेलकावे सुरूच राहतात. म्हणजे इथे कोणी मूर्ख नव्हता. आपल्या उदाहरणातही प्रत्येकाने आपल्या जागी शहाणपणाचंच केलं होतं.

आता तोच हिशेब एक बदल करून पुन्हा करा. शेठला आणि डेपोला उमरेडच्या काउंटरवरचा ११०चा आकडा थेट दिसतो. शेठकडे ७० उरली, हवी २२०, ऑर्डर १५०. डेपोत ५० उरली, हवी २२०, ऑर्डर १७०. पुढच्या आठवड्यात सगळीकडे ११०. कंपनीच्या ऑर्डरी ३७० आणि शून्याऐवजी १७० आणि ११० झाल्या. ट्रक तेच, गोदाम तेच, माणसं तीच. फक्त एक आकडा दोन पायऱ्या ओलांडून गेला. माझ्या मते माहिती तंत्रज्ञानाचं व्यूहात्मक महत्त्व म्हणतात ते हेच. बाकी बरंचसं छपाई आणि टायपिंग.

ही कल्पना काही इंटरनेटची देणगी नाही. धंद्याच्या रोजच्या कामाला लावलेला पहिला कॉम्प्युटर लिओ, आणि तो चालवला लायन्स या ब्रिटिश चहा-केकवाल्या कंपनीने, १९५१ मध्ये. सुरुवात बेकरीच्या मालाच्या हिशेबाने झाली. पुढे काही वर्षांत त्यावर चहाच्या दुकानांचा पुरवठा आला. प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली ऑर्डर मशीनकडे असे, दुकानाची व्यवस्थापक बाई फोनवर फक्त बदल कळवी. लायन्सचा मोठा फायदा असा की दुकानं, बेकरी आणि गाड्या एकाच मालकाच्या होत्या. काउंटरवरचा आकडा लपवण्यात कोणाचा स्वार्थ नव्हता.

मग घरोघरी आणि दारोदारी कॉम्प्युटर आल्यावर हा फायदा सगळ्यांना का नाही मिळाला? अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये हाच टोमणा मारला होता: कॉम्प्युटर सगळीकडे दिसतात, उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढे दिसत नाहीत. त्यावर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने विजेचा दाखला दिला. जुन्या कारखान्यात एक वाफेचं इंजिन असे आणि छताखालच्या लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरत. आपल्या नागपुरातली एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली ती याच वाफेच्या काळात. वीज आली तेव्हा बऱ्याच कारखानदारांनी इंजिन काढून तिथे मोठी मोटर बसवली. दांडा, पट्टे, मांडणी तशीच. फायदा बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कामाच्या क्रमाने इमारतच नव्याने आखली गेली तेव्हा, म्हणजे अमेरिकेत १९२०च्या दशकात, उत्पादकता वाढली.

इतवारीत आज नेमकं हेच चालू आहे: मोटर नवी, दांडा जुनाच. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, पाठोपाठ ई-वे बिल, आणि ज्यांनी कधी कीबोर्डला हात लावला नव्हता त्यांच्या गादीशेजारी टॅली आलं. पण अनेक ठिकाणी विक्री आधी लाल वहीत लिहिली जाते आणि रात्री पोरगा ती कॉम्प्युटरवर चढवतो. त्यातही एकच माल ‘चहापत्ती २५०’, ‘चायपत्ती पाव’ आणि ‘टी लाल पाकीट’ अशा तीन नावांनी बसलेला. रिटर्न भरायला तेवढं चालून जातं. साठा किती, हे मात्र कोणतंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, कारण त्याच्या लेखी ते तीन वेगळे माल आहेत.

उलट उदाहरणही नागपुरातच आहे. मेट्रो बांधताना महामेट्रोने ५-डी बिम ही पद्धत वापरली. लांबी-रुंदी-उंचीच्या आराखड्यालाच वेळापत्रक आणि खर्च जोडलेले. खांबाचा आराखडा बदलला की मुदतीवर आणि बिलावर काय परिणाम होईल ते तिथेच दिसतं. इंजिनिअर, ठेकेदार आणि लेखा विभाग आपापल्या वह्या घेऊन भांडत बसण्यापेक्षा हे बरं. अर्थात तिथे पद्धत ठरवणारा मालक एक होता.

उमरेड-इतवारी-वाडी साखळीत मालक तीन आहेत. किराणावाल्याच्या हिशेबात दोन्ही वेळा काहीच फरक पडला नाही; तो १३० आणि मग ११०च मागवतो. वाचलं ते शेठचं, डेपोचं आणि कंपनीचं. वर त्याला भीती अशी की खरा खप कळला तर शेठ उधारी आवळेल, किंवा कंपनी शेजारच्या गल्लीत दुसरा दुकानदार उभा करेल. रोज रात्री फोनवर आकडा भरायचा त्याचा त्रास त्याला, आणि २०० पाकिटांत अडकलेले पैसे सुटणार दुसऱ्याचे. त्यातला वाटा दर पाकिटामागे सूट म्हणून किंवा उधारीचे चार दिवस वाढवून त्याच्यापर्यंत पोचला, तर तो ११०च्या जागी ११० भरेल.