तेरची वीट पाण्यावर तरंगते ती कशामुळे

परवा फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ परत फिरत आला. बादलीत पाणी, पाण्यावर वीट, वीट मस्त तरंगतेय, आणि मागून आवाज की बघा हा चमत्कार, विज्ञानाकडे याचं उत्तर नाही. खाली वीस-पंचवीस हात जोडलेले. काकांनी लिहिलं, ही आपल्या तेरची वीट आहे, मी लहानपणी पाहिलीय. व्हिडिओतली वीट तेरची की दुसरीकडची ते सोडा, पण तेरला अशा हलक्या, पाण्यावर तरंगणाऱ्या जुन्या विटा आहेत हे खरंय. विज्ञानाकडे उत्तर नाही हे मात्र साफ खोटं आहे. उत्तर आहे, आणि ते चमत्कारापेक्षा कितीतरी भारी आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तेर म्हणजे काय ते सांगतो, कारण आज धाराशिव जिल्ह्यात एसटीने तेरला उतरलात तर चहाची टपरी, किराणा, खताचं दुकान, असंच कुठलंही मोठं खेडं वाटेल. शेजारून तेरणा वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते. पुढे ती मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला, त्यात हे गाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर, तिथून साधं कापड, तलम मलमल असा माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी पार गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात जातो, असं त्यात लिहिलंय. ते तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली दाखवून दिलं. इथे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीत पाँपेई गावात सापडलीय, जे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तेरणाकाठचं गाव आणि पाँपेई! मला हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

मग हे शहर मागे का पडलं? तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपली, रोमशी चालणारा व्यापार ओसरला, आणि जे गाव गाड्यांच्या वाटेवर जगत होतं त्याची वाटच सुकली. तेरणा काही होड्या चालणारी नदी नाही, त्यामुळे नदीने प्यायला पाणी आणि विटांना माती दिली तरी पैसा यायचा तो रस्त्याने. नाव मात्र बराच काळ टिकलं, पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही स्वतःला तगरपुरवराधीश्वर, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी, म्हणवून घेत होते. म्हणजे शहर गेलं आणि बिरुद उरलं. तेराव्या शतकात आपल्याला तेर भेटतं ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून, आणि गोरोबा कोण तर कुंभार, दिवसभर माती तुडवणारा माणूस. मला यात मोठी संगती दिसते, कारण तेरची सगळी गोष्ट मातीचीच आहे.

आता विटेकडे येतो. शाळेत आर्किमिडीज झालाय सगळ्यांचा. वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन वस्तूच्या वजनापेक्षा जास्त भरलं की वस्तू तरंगते, म्हणजे तिची घनता पाण्यापेक्षा, लिटरला एक किलोपेक्षा, कमी पाहिजे. नेहमीची भट्टीची वीट तीनेक किलोची असते आणि आकारमान दोन लिटरच्या आत, म्हणजे घनता दीडच्या पुढेच, ती बुडणारच. भाजलेल्या मातीचा नुसता कण घेतला, मधली पोकळी वगळून, तर त्याची घनता २.६ च्या आसपास असते. मग वीट तरंगायला हवी तर तिच्यात घन माती किती चालेल? १ भागिले २.६, म्हणजे साधारण ३८ टक्के. उरलेली ६२ टक्के वीट हवेची पाहिजे! साध्या विटेतही तीस-पस्तीस टक्के बारीक छिद्रं असतातच, पण तिथून ६२ वर जायचं म्हणजे मातीत मुद्दाम पोकळ्या पेराव्या लागतात.

पेरायच्या कशा, तर भाताच्या तुसाने. माती कालवताना तूस किंवा भुसा भरपूर घालायचा. आपले कुंभार आजही मातीत लीद, राख, भुसा घालतात, तो याचाच लहान भाऊ. वाळताना माती आकसते आणि तडकते, तुसाचे तुकडे तिला धरून ठेवतात, शिवाय आतलं पाणी त्यांच्या कडेकडेने बाहेर पडतं. मग भट्टीत तापमान तीनशे अंशांच्या पुढे गेलं की तूस पेटतं आणि विटेला आतूनच आच लागते. माती खऱ्या अर्थाने भाजली जाते ती पाचशे-सहाशेच्या पुढे, जेव्हा तिच्या रचनेत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि ती परत चिखल होऊ शकत नाही. तोवर तूस जळालेलं असतं आणि त्याच्या जागी त्याच्याच आकाराची पोकळी उरते. तुसाचा साधारण पाचवा हिस्सा राख असतो आणि ती राख जवळपास सगळी सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, त्यामुळे पोकळीच्या भिंतीला तुसाचा सांगाडा चिकटून राहतो. असा तुकडा मोडून भिंगाखाली धरा, भाताच्या टरफलावरची ती चौकटी-चौकटीची खरखरीत नक्षी मातीत उमटलेली दिसते. आच कमी पडली तर विटेचं पोट काळं राहतं, तो न जळलेला कार्बन.

आता खरी गंमत, आणि इथे जरा धीर धरा. पोकळ्या असल्या म्हणून वीट तरंगत राहीलच असं नाही, कारण पोकळ्या उघड्या असतील तर पाणी आत शिरणार, स्पंज बुडतो तशी वीट बुडणार. शिवाय बारीक छिद्रं पाणी नुसतं आत घेत नाहीत, ओढतात, दिव्याची वात तेल ओढते तसं, त्याला केशाकर्षण म्हणतात. छिद्र जितकं बारीक तितकी ओढ जास्त, मिलिमीटरच्या शंभराव्या हिस्स्याएवढ्या छिद्रात पाणी सुमारे तीन मीटर चढू शकतं आणि एक मिलिमीटरच्या नळीत जेमतेम तीन सेंटिमीटर. तुसाची पोकळी मोठी, पण तिच्याकडे जाणारी वाट मातीच्या बारीक छिद्रांतून. म्हणजे प्रत्येक पोकळी एक सुरई झाली, पोट मोठं आणि मान अरुंद. वीट पाण्यात टाकली की आधी सगळ्या माना पाण्याने भरतात, कारण ओढ तिथे जास्त. माना भरल्या की पोटातली हवा कोंडली, कारण बारीक मानेतलं पाणी ढकलून बाहेर पडायला जेवढा दाब लागतो तेवढा त्या हवेकडे नाही. म्हणजे पाण्यानेच हवेला बूच लावलं! ज्या पाण्याने वीट बुडायला पाहिजे तेच पाणी तिला तरंगत ठेवतं. पुढे ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते किंवा एखादी रुंद वाट सापडून निसटते आणि वीट जड होत जाते.

मी हे करून पाहिलं. गावाकडच्या एका कुंभारमावशींना म्हणलं, मावशी, तुमच्या आव्यात माझ्या तीन विटा ठेवू द्या. त्यांनी माझं मिश्रण बघून सांगितलं की लेकरा, एवढ्या तुसाने ही उभी राहायची नाही, आणि एक वीट वाळतानाच भुगा झाली. दुसरी भाजून निघाली पण तूस कमी पडलं, टाकताक्षणी तळाला. तिसरी तरंगली! दीड-दोन तास तरंगली, मग एका कडेवर कलली आणि सावकाश खाली गेली. त्या दोन तासांत मी जागचा हललो नाही.

मग त्या लोकांनी एवढी खटपट का केली असेल? तेरचं त्रिविक्रम मंदिर बघा, विटांचं, मागची बाजू अर्धगोल आणि वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर, मुळात ते बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. अशा छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, त्यामुळे वरची वीट जितकी हलकी तितकं बरं. त्यात खाली काळी माती, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर ओझं कमी ठेवणं हा शहाणपणा. हा अंदाज आहे माझा, पण बांधकामाच्या हिशोबात बसणारा.

इथे काही जण लगेच म्हणतील की म्हणजे पूर्वजांकडे भूकंपरोधक टेक्नॉलॉजी होती. नाही, तसा कुठलाही पुरावा नाही, आणि असं ठोकून दिलं की ज्यांनी खरंच डोकं लावून माती कालवली त्यांचं श्रेय आपण परत एकदा हवेत उडवतो. पण वजनाचा मुद्दा खरा आहे आणि तो याच तेरणेच्या खोऱ्यात आपण फार भयंकर पद्धतीने शिकलोय. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, लोक दमून झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आठ-दहा हजार माणसं गेली. घरं होती दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. भूकंपात घरावर येणारं बल घराच्या वस्तुमानाच्या पटीत असतं, न्यूटनचा दुसरा नियम, दुसरं काही नाही. जड भिंतीवर बलही जास्त येतं, आणि ती धरून ठेवायला मधे नुसता चिखल असेल तर ती झोपलेल्या माणसावर येते. देवाचा कोप वगैरे बोलणाऱ्यांनी तेव्हाही बोलून घेतलं, लोकांना मारलं ते भिंतींच्या वजनाने.

अजून एक सांगायचंच आहे. आपल्या गावात काळी आणि पांढरी असे दोन शब्द असतात, काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या वस्तीची माती पांढरट का, तर शेकडो वर्षांची चुलीची राख, चुना, हाडं, शेण, पडलेल्या भिंती सगळं तिच्यात मुरलेलं असतं. माणूस जिथे राहतो तिथे फॉस्फरस साठतो आणि तो मातीला चिकटून बसतो, पाण्याने सहज वाहून जात नाही, म्हणून पुरातत्त्ववाले मातीतलं फॉस्फेट तपासून इथे वस्ती होती का ते ओळखतात. शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं, पांढरीची माती टाकली की पीक जोमात येतं, म्हणून कितीतरी गावांतली जुनी टेकाडं गाड्या भरभरून शेतात गेली. पुस्तकाचं पान खत म्हणून पसरावं तसं झालं ते, आणि त्या शेतकऱ्याला दोषही देता येत नाही. तेरला निदान रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारखा माणूस भेटला, ज्यांनी आयुष्यभर मणी, मूर्ती, नाणी, खापरं गोळा करून जपली आणि त्यातून गावातलं सरकारी म्युझियम उभं राहिलं. जाऊन बघाच, पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, साच्यात घडवलेल्या, केसांच्या बटा न् बटा दिसतात.

माझी बुडालेली वीट मी बाहेर काढून गच्चीवर उन्हात ठेवली होती. आठवडाभराने खडखडीत वाळली, परत बादलीत टाकली, परत तरंगली. तो व्हिडिओ मी ग्रुपवर टाकलाय, आणि काकांनी विचारलंय की तूस कुठून आणलंस.