आकडा दहाचा की शंभराचा?

सकाळी आरशात दोन्ही डोळे टक्क उघडे. दुपारनंतर डावी पापणी खाली येऊ लागते, संध्याकाळी टीव्हीवर एकाच्या जागी दोन निवेदक दिसतात आणि रात्री भाकरी चावता चावता जबडा दमतो. झोप झाली की पुन्हा सगळं जागच्या जागी. घरचे म्हणतात, ‘थकवा असेल.’ मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर दमवणारा आजार बरेचदा असाच उशिरा सापडतो.

नस स्नायूला निरोप पाठवते तो ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या हाती. तो झेलणारे रिसेप्टर स्नायूवर बसलेले असतात. या आजारात आपल्याच रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं, त्या रिसेप्टरवर हल्ला करतात. त्याचा धागा सापडला सशांमुळे. १९७३ साली कॅलिफोर्नियात पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या संशोधकांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशातले रिसेप्टर सशांना टोचले. त्यांना अँटिबॉडी हव्या होत्या, त्या मिळाल्याही. पण ससे लुळे पडले! तीन वर्षांत माणसांसाठी रक्तचाचणी तयार झाली.

आता रिपोर्टवरचा आकडा. एकाचा दहा येतो, दुसऱ्याचा शंभर, आणि शंभरवाल्याची नुसती पापणी पडते, दहावाल्याला घोट गिळवत नाही. हे कसं? चाचणी अँटिबॉडी किती आहेत एवढंच मोजते. त्या काय करतात ते नाही. काही अँटिबॉडी नुसत्या चिकटतात. काही दोन रिसेप्टरना एकत्र बांधतात, मग पेशी ते आत ओढून मोडीत काढते. सर्वांत वाईट त्या, ज्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांना बोलावून स्नायूचा पृष्ठभागच फोडतात. म्हणून आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून धास्ती घेण्यात अर्थ नाही. एकाच माणसाचा आकडा उपचारांनंतर उतरला तर त्याला थोडाफार अर्थ असतो, तोही लक्षणांशी जोडून बघितला तरच.

आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर? आजार अंगभर पसरलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांत या अँटिबॉडी सापडतात. नुसत्या डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. उरलेल्या काहींत मस्क या दुसऱ्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी निघतात. त्या २००१ साली उजेडात आल्या.

म्हणून तपासताना डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवतात आणि मान न हलवता मिनिटभर वर छताकडे बघायला सांगतात. पापणी हळूहळू घसरते. मग तिच्यावर दोन मिनिटं बर्फाची पिशवी धरतात, आणि पापणी वर येते.