इनामगावची कणगी आणि न झालेलं राज्य

इनामगावला राजा होता असं कोणीच म्हणत नाही. पण तिथे पाच खोल्यांचं एक घर होतं, घराला लागून धान्याचं कोठार होतं, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या ‘नायका’ची कल्पना मुख्यतः या जोडीवर उभी आहे. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००. जागा पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर. सातवाहन यायला अजून हजारभर वर्षं अवकाश होता.

राज्यसंस्था कशी जन्मली हे सांगायचं झालं की आपण थेट मेसोपोटेमियातल्या उरुकला, नाईलच्या खोऱ्यात नाहीतर मोहेंजोदडोला पोचतो. तिथे ती जन्मली, म्हणून तिथेच तिचा शोध. मात्र जिथे सुरुवात झाली, बरीच मजलही मारली गेली आणि मग गाडं पुढे सरकलंच नाही, अशा जागाही तितक्याच बोलक्या असतात. पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतली गावं त्यांतली आहेत.

या गावांचा शोध लागला तेव्हा प्रश्न राज्याचा नव्हताच. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकला आणि संगमनेरजवळच्या जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेली, चांगली भाजलेली, टिचकी मारली तर खणखणणारी भांडी मिळाली. लांब तोटीचं भांडं ही त्यांची ओळख. तोवर दख्खनचा इतिहास अश्मयुगातून एकदम मौर्य-सातवाहनांवर उडी मारत होता. त्या खिंडारात आता एक शेतकरी समाज येऊन बसला. पुढच्या दोन-तीन दशकांत नेवासे, चांदोली, प्रकाशे, दायमाबाद अशी नावं जोडली गेली आणि जोर्वे संस्कृतीच्या वस्त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

राज्याचा प्रश्न बाहेरून आला. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० च्या एका लेखात नागरी समाज ओळखायच्या दहा खुणा मांडल्या होत्या. दाट वस्ती, शेतीतून मोकळे झालेले कारागीर, करापोटी गोळा होणारं जादा धान्य, भव्य वास्तू, लेखन वगैरे. १९६२ मध्ये एल्मन सर्व्हिस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने समाजांची शिडीच लावली: टोळी, जमात, नायकसत्ता, राज्य. शिडीवर टीका भरपूर झाली आणि ती रास्तही आहे, कारण समाज काही पायऱ्या मोजत चढत नाहीत. तरी तिच्यामुळे उत्खनन करणाऱ्यांना एक नवी नजर मिळाली. भांड्यांचे थर लावून कालक्रम ठरवणं पुरेसं राहिलं नाही. गावात सगळे सारखे होते का, नसतील तर कोण वरचढ होतं, हे विचारलं जाऊ लागलं.

असं विचारायचं तर अरुंद चर खणून भागत नाही, अख्खं गाव उघडावं लागतं. इनामगावला नेमकं तेच झालं. १९६८ पासून १९८३ पर्यंत सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे बारा हंगाम काम चाललं आणि शंभराहून जास्त घरं उजेडात आली. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाखाली तीन थर निघाले. सर्वांत खाली माळवा संस्कृतीचा (इ.स.पू. १६०० ते १४००), त्यावर पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि शेवटी उत्तर जोर्वे (१००० ते ७००).

पूर्व जोर्वे काळातलं गाव बऱ्यापैकी आखीव होतं. घरं चौकोनी, ठेंगण्या मातीच्या भिंती, वर कूड आणि गवताचं छप्पर. शेतकरी गावाच्या मधोमध राहत, कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशांची घरं पश्चिमेच्या कडेला. कुंभाराची मोठी गोल भट्टीही सापडली. जव हे मुख्य पीक, सोबत गहू, मसूर, वाटाणा. घरोघरी कणगीसाठी केलेले गोल ओटे आणि जमिनीत पेवं होती, म्हणजे वर्षाचं धान्य साठवायची सोय प्रत्येकाकडे होती. पण पाच खोल्यांच्या घराशेजारची साठवण एका कुटुंबाच्या पोटापुरती नव्हती. ढवळीकरांचा निष्कर्ष असा, की गावकरी धान्याचा काही भाग तिथे आणून घालत आणि अडीनडीला ते बाहेर निघे. कर म्हणा, वर्गणी म्हणा. हातात आलेलं धान्य परत वाटण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तो नायक.

दुसरा पुरावा नदीकडे आहे. घोडेच्या पुराचं पाणी वळवण्यासाठी गावकऱ्यांनी एक कालवा खणला होता आणि त्याला लागून दगडगोट्यांचा बांध घातला होता. बांध दोनशे मीटरहून लांब. काम अवाढव्य नाही, तरी ते एका घराचं नक्कीच नव्हे. कोणीतरी माणसं गोळा केली, पाणी कुणाच्या शेतात किती दिवस जाईल हे कोणीतरी ठरवलं आणि पुढच्या पावसाळ्याआधी गाळ उपसायला पुन्हा हाक दिली. आजही पाणीवाटपाची बैठक पाहिली तर हे ठरवायला केवढा अधिकार लागतो ते कळतं.

तिसरा पुरावा सर्वांत विलक्षण. जोर्वे लोक मेलेल्या माणसाला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून. मोठी माणसं खड्ड्यात उताणी, उत्तरेकडे डोकं, आणि घोट्याखाली पावलं तोडलेली. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा अंदाज केला जातो. इनामगावला नायकाच्या मानल्या गेलेल्या घरांपैकी एकाच्या अंगणात मातीचा चार पायांचा रांजण निघाला. पोट फुगीर, पाय जाड, एकूण घाट एखाद्या बसक्या प्राण्यासारखा. आत चाळिशीच्या आसपासचा पुरुष बसलेल्या अवस्थेत होता. त्याची पावलं शाबूत होती. सोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली.

सगळ्या गावाला लागू असलेला नियम या एका माणसाला लागू नव्हता, एवढं निर्विवाद. तो नायक होता की मांत्रिक, की दोन्ही, हे हाडं सांगत नाहीत. मला स्वतःला ही शंका महत्त्वाची वाटते, कारण नायकसत्तेची सगळी इमारत मोजक्या घरांवर, एका कोठारावर आणि एका दफनावर उभी आहे. पण तिन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात हेही नाकारता येत नाही.

इनामगाव एकटं नव्हतं. ढवळीकरांनी दाखवलं की दर खोऱ्यात एक मोठं गाव आणि त्याभोवती लहान वस्त्या असा मेळ दिसतो: तापीवर प्रकाशे, भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणि प्रवरेवर दायमाबाद. दायमाबाद या सगळ्यांत मोठं. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावाची वस्ती इ.स.पू. २२०० च्या सुमाराला सावळदा या जोर्वेपूर्व शेतकरी संस्कृतीपासून सुरू होते. मग येतात उत्तर हडप्पा काळचे, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातले लोक, त्यांच्या लिपीची चिन्हं असलेल्या मुद्रा आणि खापरं घेऊन. म्हणजे लेखन, नगररचना, मोजमाप हे सगळं माहीत असलेल्या संस्कृतीचे वारसदार इ.स.पू. २००० च्या आसपास प्रवरेकाठी राहत होते. त्यानंतर माळव्याकडून आलेले शेतकरी आणि शेवटी जोर्वे लोक. जोर्वे काळात दायमाबाद तीस हेक्टरांपर्यंत वाढलं आणि त्याला बुरुजांसह मातीचा तट होता असा उत्खननकर्ते शां. अ. साळी यांचा दावा आहे.

दायमाबाद म्हटलं की लोकांना आठवतात ती धातूची शिल्पं. १९७४ मध्ये झुडपाचं मूळ खणताना एका स्थानिक रहिवाशाला ती सापडली: बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. ज्या समाजात तांब्याचा गळही जपून वापरला जाई तिथे एवढा धातू एका जागी येणं म्हणजे कोणाच्या तरी हाती मोठी ताकद होती, हे उघड. अडचण एवढीच की ती उत्खननातून निघाली नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. बहुतेक जण ती उत्तर हडप्पा काळाला जोडतात. ही शिल्पं देखणी आहेत, पण समाज कसा चालत होता हे समजून घ्यायला मी त्यांच्याऐवजी इनामगावचं कोठार निवडेन.

मग राज्य का झालं नाही?

सर्वांत आधी पाऊस. इनामगावच्या परिसरात आजही वर्षाला चार-पाचशे मिलिमीटर पडतो, तोही बेभरवशाचा. उरुकच्या शेतकऱ्याला युफ्रेटिसचं पाणी कालव्याने मिळत होतं, आणि जव इतका पिके की इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस अडीचशे हेक्टरांच्या त्या शहरात देवळाचे कारकून रेशनचा हिशेब मातीच्या पाट्यांवर ठेवत होते. घोडेच्या काठावर उरणारं धान्य एका नायकाला, काही कारागिरांना आणि एका दुष्काळाला पुरेल इतकं. कारकून, शिपाई आणि पुजारी पोसायला ते अपुरंच.

शिवाय जमीन. दख्खनची खोल काळी जमीन लोखंडी फाळाशिवाय उलटत नाही, असं पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणून वस्त्या नदीकाठच्या हलक्या गाळाच्या पट्ट्याला चिकटून राहिल्या. तांबं दुर्मीळ, रोजची हत्यारं गारेच्या पात्यांची. त्यात आणखी एक गोष्ट. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्नेरो यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की माणसांना पळून जायला जागा नसते तिथे राज्य लवकर उभं राहतं. नाईलच्या दोन्ही बाजूंना वाळवंट, तसं भीमेच्या खोऱ्यात काहीच नव्हतं. नायक डोईजड झाला तर चार गुरं, शेळ्यामेंढ्या घेऊन दुसरं पाणी गाठता येत होतं. हे शेवटचं कारण मला अधिक पटतं, जरी ते पुराव्याने सिद्ध करणं अवघड आहे.

इ.स.पू. १००० च्या सुमाराला चित्र पालटलं. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यातली गावं ओस पडली, दायमाबाद आणि नेवासेही त्यात आले. फक्त भीमेच्या खोऱ्यात लोक टिकून राहिले, तेही हलाखीत. इनामगावची चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, शेती आटली, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचा संबंध पाऊसमान घटण्याशी जोडला. नंतर लहान मुलांच्या सांगाड्यांवर काम झालं तेव्हा या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. एकट्या हवामानावर सगळा दोष टाकावा का, यावर वाद चालू आहे. एक लक्षात ठेवायला हवं, की ही ‘पडती’ तीनशे वर्षं चालली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत साडेतीनशे वर्षं झाली आहेत. तेवढा काळ एखादं गाव तग धरतं तेव्हा त्याला नुसतं कोसळणं म्हणता येत नाही. लोकांनी कमी धान्यात, जास्त भटकंतीत जगायची रीत बसवली होती. इ.स.पू. ७०० च्या सुमाराला मात्र इनामगावही सुटलं.

लोखंड आलं ते विदर्भात. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या वर्तुळात केलेल्या दफनांत, लोखंडी हत्यारं आणि घोड्यांची पुरणं मिळतात; नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीही सापडली. या लोकांचा जोर्वेकरांशी थेट धागा जुळत नाही.

राज्य आलं तेव्हा ते खाली शेतातून वाढत आलं नाही. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात मगधाची सत्ता कोकणच्या बंदरापर्यंत पोचली होती. तिच्यामागून सातवाहन, आणि त्यांचा पैसा पैठण, तेर, जुन्नरहून घाट उतरून बंदराकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवरचा. घोडेला मिळणारी कुकडी नदी नाणेघाटाजवळ उगम पावते. त्याच घाटाच्या तोंडाशी दगडाचा रांजण आहे, तो जकातीचा असं परंपरा सांगते, आणि शेजारच्या लेण्यात इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमाराचा नागनिका या सातवाहन राणीचा लेख. राणीने यज्ञांच्या दक्षिणेची यादी आकड्यांसह कोरून घेतली आहे: गाई हजारोंनी, घोडे, हत्ती, गावं आणि कार्षापण नाणी.