ॲस्पार्टेम: आयार्कचा प्रश्न वेगळा, जेक्फाचा वेगळा

जुलै 2023 मधली गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी चहात टाकायच्या गोड गोळ्यांची डबी कचऱ्यात टाकली. ‘कॅन्सर होतो म्हणे त्यानं.’ हे सांगताना त्यांच्या हातात अडकित्ता होता.

त्या महिन्याच्या 14 तारखेला ॲस्पार्टेमवर, म्हणजे अशा गोळ्यांतल्या कृत्रिम गोडव्यावर, दोन निष्कर्ष एकत्रच जाहीर झाले होते आणि बातम्यांनी दोन्हींची खिचडी केली.

आयार्क ही जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था. या पदार्थानं कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का, एवढंच ती बघते. किती खाल्ल्यावर, हे ती विचारतच नाही. ॲस्पार्टेमला तिनं 2बी गटात घातलं: यकृताच्या कॅन्सरबाबत थोडाफार पुरावा आहे, पण तोकडा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात बसतो. आणि सुपारी? ती थेट पहिल्या गटात, तंबाखूच्या पंगतीला. काकूंना हे सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

जेक्फा, म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या द्रव्यांची तज्ज्ञ समिती, हिशेब करते तो मात्रेचा. रोज, आयुष्यभर, किती पोटात गेलं तर चालेल? तिचं उत्तर 1981 पासून तेच आहे आणि 2023 मध्येही तिनं ते बदललं नाही: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 40 मिलीग्रॅमपर्यंत. प्राण्यांना किलोमागे 4,000 मिलीग्रॅम देऊनही अपाय दिसला नव्हता, त्याला शंभरानं भागून हा आकडा आला. 60 किलोच्या माणसाला झाले 2,400 मिलीग्रॅम. एका गोळीत 20 धरले तर 120 गोळ्या, म्हणजे दोन-दोन गोळ्यांचे साठ कप चहा! डाएट कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये मात्र 200 ते 300 मिलीग्रॅम असू शकतं; तिथे 70 किलोच्या माणसाची मर्यादा 9 ते 14 कॅननंतर ओलांडली जाते.

फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना मात्र हे गणित लागू नाही. ॲस्पार्टेममधून मिळणारं फेनिलॲलनिन त्यांच्या शरीरात साठत जातं, म्हणून पाकिटावर त्यांच्यासाठी वेगळी सूचना असते. घटकांच्या यादीत 951 दिसलं की ते ॲस्पार्टेम.

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं, वजन उतरवायला अशा गोडव्यांवर विसंबू नका, असंही सांगितलं होतं. तो सल्ला मधुमेह असलेल्यांना वगळून होता.

काकूंना मधुमेह आहे. डबी गेल्यापासून त्यांच्या चहात पुन्हा दीड चमचा साखर पडते.