सापांवर पीएचडी केली आणि डीएनए घेऊन कोर्टात उभे राहिले: डॉ. लालजी सिंग

डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखणं, म्हटलं की लेस्टर युनिव्हर्सिटीतल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांचं नाव येतं, १९८४ साली त्यांनी ते शोधलं आणि त्याबद्दल वादच नाही. पण भारतात हे तंत्र ज्यांनी उभं केलं आणि मुख्य म्हणजे कोर्टाच्या गळी उतरवलं, त्या डॉ. लालजी सिंग यांचं नाव आपल्याकडे टीव्ही सीरियलमधल्या फॉरेन्सिक डॉक्टरएवढंही कुणाला माहीत नसतं, हे जरा खटकतंच.

५ जुलै १९४७ चा जन्म, उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातलं कलवारी गाव, शेतकरी घर. बनारस हिंदू विद्यापीठात पीएचडी केली आणि विषय काय, तर सापांची क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं! गुन्हेगारीशी काडीचा संबंध नाही. प्रश्न साधा होता, सापांमध्ये नर-मादी कशावरून ठरतं? आपल्यात पुरुष एक्स-वाय आणि बाई एक्स-एक्स, सापांत उलटा मामला, नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. हाच प्रश्न घेऊन ते पुढे एडिंबरोला केन जोन्स यांच्याकडे गेले आणि तिथे पट्टेरी मण्यारच्या मादीतून त्यांनी डीएनएचा एक तुकडा वेगळा काढला, ज्यात डीएनएच्या भाषेतली जी-ए-टी-ए ही चार अक्षरं एकापाठोपाठ एक परत परत येत होती. डब्ल्यू क्रोमोसोमवर हा मजकूर ठासून भरलेला. या तुकड्याला बीकेएम (बँडेड क्रेट मायनर) म्हणतात.

गंमत पुढे आहे. हीच अक्षरं माणसातही निघाली, पण एका जागी नाही तर सगळ्या क्रोमोसोमवर विखुरलेली, आणि एखाद्या जागी ती किती वेळा रिपीट होतात ते माणसागणिक बदलतं. म्हणजे ओळख पटवायला याहून चांगलं काय हवं! १९८७ मध्ये लालजी हैदराबादच्या सीसीएमबीत, म्हणजे पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत आले. जेफ्रीज यांचा प्रोब, म्हणजे हवी ती अक्षरं शोधून त्यांना चिकटणारा डीएनएचा तुकडा, तेव्हा पेटंटखाली होता, तो मागवायचा म्हणजे कायम परदेशावर अवलंबून राहायचं, तर यांनी आपल्या सापवाल्या तुकड्याचाच प्रोब करून १९८८ मध्ये स्वतःची पद्धत तयार केली.

ती पद्धत आजच्या मानाने बरीच खटपटीची होती. रक्तातून किंवा वीर्याच्या डागातून डीएनए काढायचा, विशिष्ट एन्झाइमने त्याचे तुकडे करायचे, ते जेलमध्ये टाकून करंट सोडायचा म्हणजे लहान तुकडे पुढे पळतात आणि मोठे मागे रेंगाळतात, मग ते सगळे जसेच्या तसे नायलॉनच्या पातळ पापुद्र्यावर उतरवायचे, त्यावर रेडिओअ‍ॅक्टिव्ह फॉस्फरस लावलेला प्रोब सोडायचा, तो नेमका जी-ए-टी-ए असलेल्या तुकड्यांना जाऊन चिकटतो, आणि शेवटी वर एक्स-रे फिल्म ठेवून वाट बघत बसायचं. फिल्म धुतली की बारकोडसारखे काळे पट्टे दिसतात. मुलाचा प्रत्येक पट्टा एकतर आईच्या रांगेत सापडतो नाहीतर बापाच्या, आईचे वजा केले की उरलेले कथित बापाशी जुळवून बघायचे. केरळातल्या तेल्लिचेरीच्या कोर्टात पितृत्वाच्या एका दाव्यात हाच पुरावा ग्राह्य धरला गेला आणि १९९१ मध्ये केरळ हायकोर्टानेही तो उचलून धरला.

मला विचाराल तर लालजींचं खरं मोठेपण इथून पुढे आहे. प्रोब बनवणारे अजूनही कुणी भेटले असते, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणीत वकिलांना आणि न्यायाधीशांना हे पट्टे समजावून सांगणं हे भलतंच वेगळं काम आहे आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १९९१ मधली राजीव गांधी हत्या, १९९५ चं दिल्लीतलं तंदूर हत्याकांड, ज्यात जळालेल्या मृतदेहाचा डीएनए आईवडिलांच्या रक्ताशी ताडून बघितला गेला, या सगळ्या केसेसचे नमुने हैदराबादला आले.

सगळ्यात बोलकी केस मात्र दिल्लीतल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीची, जानेवारी १९९६ मध्ये बलात्कार करून तिचा खून झाला होता. सीसीएमबीच्या रिपोर्टमध्ये आरोपीचा डीएनए जुळला, तरी १९९९ मध्ये ट्रायल कोर्टाने तो पुरावा बाजूला ठेवला आणि आरोपी सुटला. सात वर्षांनी, २००६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तोच रिपोर्ट स्वीकारून त्याला दोषी ठरवलं. रिपोर्ट तोच होता हो, एक पट्टा इकडचा तिकडे झाला नव्हता! डीएनए खोटं बोलत नाही वगैरे डायलॉग ठीक आहेत, पण नमुना कुणी घेतला, सील कुणी केलं, वाटेत कुणाच्या ताब्यात होता, हे धड नसेल तर लॅब कितीही भारी असली तरी वकील त्याची पार वाट लावतो.

आता ती फिल्मवाली पद्धत मागे पडली, पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, आलं, अगदी बारीकसा डागही पुरतो. पण सध्याच्या किटमध्ये ज्या ठराविक जागा तपासतात त्यातल्या काही, उदाहरणार्थ सोळाव्या क्रोमोसोमवरची एक, अजून जी-ए-टी-एचीच आवर्तनं मोजतात.

बाकी कामाचा आवाका प्रचंड. डीएनए फिंगरप्रिंटिंगसाठी हैदराबादला वेगळी संस्था, सीडीएफडी, उभी केली, १९९८ ते २००९ सीसीएमबीचे डायरेक्टर, २००४ मध्ये पद्मश्री, मग २०११ ते २०१४ बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू, तेही महिना एक रुपया पगारावर. १० डिसेंबर २०१७ ला वाराणसीतच हार्ट अटॅकने गेले.

त्यांचं एक काम फार कमी बोललं जातं, ते प्राण्यांचं. शिकारीच्या केसमध्ये बऱ्याचदा मांसाचा तुकडा नाहीतर कातडं एवढंच हाती लागतं, आणि पकडलेला माणूस बिनधास्त सांगतो की बोकडाचं आहे. २००३ मध्ये लालजी आणि त्यांचे सहकारी सुनील कुमार वर्मा यांनी असे प्रायमर (पीसीआरमध्ये कुठला भाग उचलायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) प्रसिद्ध केले जे हरीण असो, वाघ असो की पक्षी, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी जीनचा ठरलेला भाग उचलतात, मग त्यातली अक्षरं वाचली की प्राणी कुठला ते कळतं. हैदराबादच्याच लाकोन्स या धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठीच्या प्रयोगशाळेत, तीही लालजींच्याच पुढाकाराने उभी राहिलेली, आज वनखात्यांनी पाठवलेले नमुने तपासले जातात आणि बोकडाची थाप तिथे चालत नाही.